लाल शाईचं कार्ड

समृद्धीच्या लसीच्या कार्डावर डॉक्टरांनी लाल शाईने काहीतरी लिहिलं होतं, हे मी कुणाचीही शपथ घेऊन सांगितलं असतं. आणि बुधवारी दुपारी तेच कार्ड माझ्या हातात होतं, आणि त्यावर लाल शाईचा ठिपकासुद्धा नव्हता.

समोर भूल देणारे डॉक्टर पेन उघडून बसले होते. शुक्रवारी समृद्धीच्या नाकामागच्या गाठींचं ऑपरेशन. चार वर्षांची पोर, पण झोपली की तोंड उघडं आणि घशात घरघर. मधेच ती घरघर थांबते. मी मोजते. पाच, सहा, सात... मग एकदम हिसका देऊन श्वास घेते. गेले चार महिने मी झोपले आहे की नाही, मला नक्की सांगता येणार नाही.

"कुठल्या औषधाची अॅलर्जी?" डॉक्टरांनी विचारलं.

"आहे," मी म्हटलं.

"कुठल्या?"

"ते... इंजेक्शन होतं. ती अडीच महिन्यांची होती तेव्हा. तोंड सुजलं होतं."

"नाव?"

शेजारी बसलेले मितेश म्हणाले, "डॉक्टर, तसं काही नाहीये. हे कार्ड बघा ना. हिला जरा काळजी करायची सवय आहे."

डॉक्टरांनी कार्ड उलटंसुलटं पाहिलं. सगळ्या लसी, सगळ्या तारखा, कोरा समास. त्यांनी पेन बंद केलं. "बाई, मला नाव पाहिजे. नाहीतर 'नाही' असं तरी कुणीतरी लिहून द्यायला पाहिजे. अंदाजावर मी लहान मुलाला भूल देत नाही. उद्या संध्याकाळपर्यंत आणा, नाहीतर पुढची तारीख महिन्याने."

महिनाभर. रोज रात्री पाच, सहा, सात.

रिक्षात मितेश म्हणाले, "अगं, बाळंतपणात तुला धड जेवणाचं भान नव्हतं. तुझ्या आईकडे शिरढोणला होतीस, पोरीला घामोळं उठलं असेल. तेच डोक्यात बसलंय."

खरं सांगायचं तर मलाही आता खात्री वाटेना. घामोळ्याला कुणी लाल शाईने लिहितं का? पण मग लाल शाई होती कुठे?

आईला फोन केला. ती म्हणाली, "अगो, तोंड असा फुगलेला, डोला दिसं नाय! गौरी आनायचा दिवस. मी पानां तोरीत व्हती, तू बोंब मारलीस. इसरलीस काय?"

"औषधाचं नाव काय होतं आई?"

"मना काय म्हाइत? सुई व्हती."

"आणि कार्ड?"

"तुज्याकडंच आसंल. आनी इथं आसंल तर गेला. जुना घर पारला, बंगला बांधला, तवा तुजा भाव सगला कागुद भंगारान देऊन आला."

म्हणजे कार्ड माझ्याकडे, आणि ते कोरं. डोकं फिरायची वेळ.

उरल्या ते कार्ड लिहिणाऱ्या डॉक्टर दांडेकरबाई. पनवेलमध्ये ज्याला ज्याला मूल आहे, त्याने त्यांच्या दवाखान्याचा बाक झिजवलेला आहे. पण बाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. दवाखान्याच्या जागी आता चष्म्यांचं दुकान आहे. मी तिथेच उभी राहून काचेवर नाक टेकवून आत बघत होते, तर दुकानदार बाहेर आला. "दांडेकरबाईंचं काही हवंय का? त्यांच्या कंपाउंडरकडे जा, धर्मराजकाका. मागच्या आळीत, हौदाजवळ."

धर्मराजकाकांनी दार उघडलं ते हातात कोथिंबिरीची जुडी घेऊन. तीस वर्षं त्यांनी बाईंच्या खिडकीत बसून नावं लिहून घेतली, शेवटची पंधरा वर्षं कॉम्प्युटरवर. माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं, आत गेले, आणि खाऱ्या बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आले. डब्यात जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेली हार्ड डिस्क होती.

"मशीन पावसाळ्यात बसलं," ते म्हणाले. "हे मी काढून घेतलं. सगळी पोरं यात आहेत. पण आता हे बघणार कशावर? दोघांकडे घेऊन गेलो. एक म्हणाला फेकून द्या, दुसरा म्हणाला मी फेकतो."

माझे चुलत दीर शैलेशभावोजी यांचं स्टेशनच्या बाजूला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. गुरुवारी सकाळी मी, समृद्धी, धर्मराजकाका आणि बिस्किटांचा डबा असे चौघे तिथे जाऊन बसलो.

भावोजींनी डिस्क एका केबलला लावली. डिस्क जरा खरखरली आणि फिरायला लागली. काकांनी डोळे मिटून घेतले. "जिवंत आहे," भावोजी म्हणाले. त्यांनी आधी सगळ्या डिस्कची नक्कल करून घेतली, त्यात तासभर गेला. मग त्यातला दवाखान्याचा प्रोग्रॅम त्यांच्या मशीनवर उघडायला गेले, तर मशीनने सरळ नाही म्हटलं.

"का?" मी घाबरून विचारलं. "खराब झालंय का?"

"नाही वहिनी. प्रोग्रॅम ठीक आहे. फार जुना आहे इतकंच. आत्ताच्या विंडोजला त्याची भाषाच येत नाही. त्याला त्याच्या काळातलं मशीन लागेल."

"ते कुठून आणायचं?"

"आणायचं नाही. यातच बनवायचं."

मी बी.एस्सी. केलं आहे, रसायनशास्त्र घेऊन. लग्नाआधी वर्षभर एका ऑफिसात कॉम्प्युटरवर कामही केलं आहे. तरी पुढे जे झालं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. भावोजींनी पडद्यावर एक चौकट उघडली. त्या चौकटीत एक काळा पडदा लागला, आकडे धावले, जणू कुणी दुसरंच मशीन सुरू केलं. पण दुसरं मशीन तिथे नव्हतंच. मी टेबलाखाली वाकूनसुद्धा पाहिलं.

"वहिनी, खाली काय शोधताय?"

"ते मशीन कुठे आहे?"

"नाहीये. या मशीनला सांगितलंय की तुझ्या पोटात एक जुनं मशीन आहे असं समज. आणि त्या आतल्याला माहीतच नाही की ते आत आहे. त्याला वाटतंय की आपण टेबलावर आहोत."

"फसवताय त्याला?" काकांनी विचारलं.

"थोडंसं."

चौकटीत विंडोज अठ्ठ्याण्णव उघडलं. ते हिरवट निळं चित्र बघून मला कॉलेजची लॅब आठवली. काका तर खुर्ची ओढून पुढेच आले. "अरे, हेच! हेच होतं!" म्हणत त्यांनी माउस हातात घेतला, दोन ठिकाणी टिचकी मारली, आणि मग तो चौकटीच्या बाहेर काढायला गेले. बाण काठाला आपटला आणि थांबला. पुन्हा ओढला. पुन्हा आपटला.

"हा बाहेर येईना."

"आत अडकलाय काका. उजवा कंट्रोल दाबा, म्हणजे सुटेल."

"आई," समृद्धी नाकातून म्हणाली, "त्याला बाहेर काढ ना. त्याला घाबरायला होईल."

काकांनी उजवा कंट्रोल दाबला आणि बाण सुटला, तेव्हा तिने टाळ्या वाजवल्या. घड्याळात बारा वाजून गेले होते.

काकांनी दवाखान्याचा प्रोग्रॅम उघडला. निळ्या पडद्यावर पिवळी अक्षरं, आणि खाली एक ओळ चमकत राहिली: आजची तारीख टाका. भावोजींनी टाकली. प्रोग्रॅमने लाल पट्टी दाखवली आणि बंद पडला.

"आता हे काय?"

काका ओशाळले. "तो ज्याने बनवला ना, त्याने कुलूप घातलंय. दर वर्षी येऊन उघडून जायचा. दोन हजार दहाच्या मार्चनंतर तो आलाच नाही, बाईंनीही बोलावलं नाही. मार्चच्या आतली कुठलीही तारीख टाका, चालेल."

भावोजी हसले. "आतल्या मशीनचं घड्याळच मागे नेतो. काय देऊ?"

"पंधरा मार्च दोन हजार दहा," काका म्हणाले. "बाई त्या दिवशी शेवटच्या बसल्या."

तारीख टाकली आणि प्रोग्रॅम उघडला. नावाने शोध. काकांची दोन बोटं कीबोर्डवर अशी चालायला लागली की त्यांचं वयच कळेना. समृद्धी घरत. एकच नाव आलं. वडील मितेश, पत्ता करंजाडे. जन्म वीस जून दोन हजार आठ. माझीच मुलगी. वय: एक वर्ष आठ महिने.

मी शेजारी बघितलं. चार वर्षांची समृद्धी स्टुलावर पाय हलवत खारी खात होती. पडद्यावरची दुपट्यातून नुकती कुठे बाहेर पडली होती. क्षणभर मला कळेना की आपण कुणासाठी आलो आहोत.

"आतलं घड्याळ मागे आहे ना, म्हणून," भावोजी म्हणाले.

मला अॅलर्जीच्या ओळीशी मतलब होता. काकांनी पान खाली सरकवलं. अॅलर्जी, आणि पुढे इंग्रजीत तीन अक्षरं. निल.

मग भावोजी म्हणाले, "चला, सुटलो. काही नाहीये वहिनी."

मी मितेशना फोन लावून सांगितलं. पलीकडून मोठा श्वास ऐकू आला. "बघ. मी म्हणत होतो ना? आता काका लिहून देतील तसं. चार वाजेपर्यंत हॉस्पिटलला पोच."

काकांनी खिशातून पेन काढलंच होतं. आणि मी बघत बसले त्या निळ्या पडद्याकडे. बाईंच्या मशीनमध्ये निल, कार्डावर निल, नवरा म्हणतो निल. एवढी सगळी खरी आणि मी एकटी खोटी? आईने पाहिलं होतं. पण आई काय, गौरीच्या पानांसकट काहीही सांगते. मला तो सुजलेला चेहरा अजून दिसत होता, ओठ जाड झालेले, आवाज फुटत नव्हता. की मी ते नंतर, रात्री जागताना, डोक्यात रचलं? माणूस असं रचतं का?

"काका, एक मिनिट. लिहू नका."

"काय झालं?"

"यात वरती ही तारीख कसली आहे?"

"केस काढली ती. सतरा ऑक्टोबर, दोन हजार आठ."

"पण गौरी सप्टेंबरात होत्या."

भावोजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू आता वहिनी खरंच कामातून गेल्या.

"म्हणजे बघा," मी म्हटलं, आणि बोलता बोलता माझंच मला कळत गेलं, "ती जूनमध्ये झाली. मी माहेरी होते. सुजली ती सप्टेंबरात, तेव्हा मी तिला बाईंकडेच आणली होती. आणि ही केस ऑक्टोबरात काढलेली. मग सप्टेंबरातलं कुठे आहे?"

काका पडद्याजवळ वाकले. "ऑक्टोबरात तुम्ही घेऊन आला होतात?"

आठवलं. दसरा झाल्यावर बारसं सासरी करंजाड्याला मोठं करून झालं, मला ताप होता, लसीसाठी मितेश आणि सासूबाई तिला घेऊन गेले होते. जाताना कार्ड मिळालं नव्हतं, ते शिरढोणलाच राहिलं होतं. येताना मात्र दोघं एक कार्ड घेऊन आले होते. मी ते जुनंच समजून न उघडता कपाटात ठेवलं.

"मिस्टर गेले होते," मी म्हटलं.

"मग बरोबर. मी खिडकीतून एकच विचारायचो, पहिल्यांदा आलात का? पुरुषमाणसं हमखास हो म्हणतात. पहिल्यांदाच आलेले असतात ना ते." काका हसले नाहीत. "मी नवीन केस काढली असणार. नवीन कार्ड दिलं असणार."

"मग जुनी शोधा."

"समृद्धी नावाने एकच आहे."

"तिचं नाव तेव्हा ठेवलंच नव्हतं."

"मग बेबी ऑफ. बारसं व्हायच्या आधी आलेलं मूल मी आईच्या नावाने घालायचो. बेबी ऑफ... तुमचं नाव?"

"अंकिता."

काकांनी टाकलं. बेबी ऑफ अंकिता, तीन आल्या. एक कामोठ्याची, एक उरणची, एक मुलगा. जन्मतारखा वेगळ्याच. काकांनी आडनाव काढून पाहिलं, घालून पाहिलं. नाही.

"बाईंनी नाव चुकवलं असेल," भावोजी म्हणाले.

"बाई नाव लिहीत नव्हत्या. मी लिहायचो," काका म्हणाले. "आणि मला जे सांगतात तेच मी लिहितो."

मी पुन्हा आईला फोन लावला. दुकानाबाहेर रिक्षावाले भांडत होते, म्हणून आवाज वाढवून बोलले. "आई, गौरीच्या दिवशी दवाखान्यात पोरीला घेऊन खिडकीवर कोण गेलं होतं? नाव कुणी सांगितलं?"

"मीच गेले ना गो. तू पोरीला धरून रडत व्हतीस."

"काय नाव सांगितलंस? आईचं नाव विचारलं असेल."

"तुजा नाव सांगितला."

"अंकिता?"

फोनमध्ये आई हसली. "अगो बाय, तो नाव मितेशरावांनी तांदलान लिवला. माज्या जिभंवर कदी आलाय? रमा सांगितला. रमा काशिराम मढवी."

मी फोन ठेवला. लग्नात तांदळाच्या ताटात मितेशनी अंगठीने 'अंकिता' लिहिलं होतं आणि बायकांनी ते वाचून टाळ्या वाजवल्या होत्या. त्याला सहा वर्षं झाली. रेशनकार्डावर अंकिता, बँकेत अंकिता, कुणी हाक मारली तर मीच वळायचे. रमा म्हणणारी आई आणि भाऊ, ते तर घरचेच. ती माझी हाक होती, नाव आहे हे मी विसरूनच गेले होते.

"काका," मी म्हटलं, "बेबी ऑफ रमा टाका."

"ही कोण?"

"मी."

भावोजी म्हणाले, "काय सांगता वहिनी?" सहा वर्षांत त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी विचारायचं कारणही नव्हतं.

दोन आल्या. एक पेणची. दुसरी, रमा काशिराम मढवी, शिरढोण. मुलगी. जन्म वीस जून दोन हजार आठ.

काकांनी उघडली. एकच पान होतं. बाईंना कॉम्प्युटर आवडत नसे, त्या कागदावर लिहायच्या आणि काका टाइप करायचे, सगळं मोठ्या इंग्रजी अक्षरांत. मी ओठ हलवत वाचलं. गावातल्या डॉक्टरांनी अँपिसिलीनचे इंजेक्शन दिले होते, चिठ्ठी पाहिली. दहा मिनिटांत चेहऱ्यावर सूज, अंगावर गांध्या, श्वास जड. उपचार करून चार तास ठेवून घेतले. हे औषध पुन्हा कधीही देऊ नये. कार्डावर लाल शाईने लिहिले आहे.

लाल शाईने.

मी खाली बसले. स्टुलावर समृद्धी होती, म्हणून जमिनीवरच बसले.

"आई, तुला पण बाहेर येता येत नाहीये का?" समृद्धीने विचारलं आणि खारीचा उरलेला तुकडा माझ्या तोंडाशी धरला.

भावोजींनी पडद्याचा फोटो काढला. प्रिंटर काही केल्या त्या आतल्या मशीनचं ऐकेना, मग काकांनी कागदावर हाताने सगळं उतरवलं, सही केली, केस नंबर घातला. सही करून झाल्यावर मी म्हटलं, "काका, ते निल बदलता येईल का?"

"कशाला वहिनी?" भावोजी म्हणाले. "ही नक्कल आहे. यात बदललं तरी डिस्कवर निलच राहणार."

"मग खरी फाइल कुठली?"

डब्यातली डिस्क खरी, तर ती उघडत नाही. चौकटीतली उघडते, तर ती नक्कल. तिथे दोन हजार दहाचा मार्च चालू आहे आणि माझी मुलगी एक वर्ष आठ महिन्यांची आहे आणि तिला दोन आया आहेत.

काकांनी मात्र विचार केला नाही. ते पुन्हा समृद्धी घरतच्या पानावर गेले, ती तीन अक्षरं पुसली आणि दोन बोटांनी औषधाचं नाव टाइप केलं. खाली लिहिलं: जुनी केस, आई रमा, शिरढोण, पाहा.

"खरं-खोटं तुम्ही बघा," ते भावोजींना म्हणाले. "माझ्याकडून राहिलं होतं, मी भरलं."

हॉस्पिटलात पोचले तेव्हा पावणेपाच झाले होते. मितेश दारातच उभे होते. मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी वाचला, परत वरून वाचला. "ऑक्टोबरात मीच गेलो होतो," एवढंच म्हणाले. मग समृद्धीला उचलून घेतलं आणि बराच वेळ खाली ठेवलंच नाही.

भूल देणाऱ्या डॉक्टरांनी कागद पाहिला, फोटो पाहिला, आणि फाइलच्या वरच्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिलं. लाल पेनाने. मी त्यांच्या हाताकडे बघत होते, शेवटचं अक्षर पूर्ण होईपर्यंत. "बरं झालं आणलंत," ते म्हणाले. "गाठी काढल्यावर याच जातीतलं औषध आम्ही सर्रास देतो. उद्या दुसरं देऊ. सकाळी सातला उपाशीपोटी आणा."

मग नर्सने भरतीचा फॉर्म पुढे सरकवला. रुग्णाचे नाव, वडिलांचे नाव, आईचे नाव. मी अंकिता लिहिलं. थांबले. पुढे 'ऊर्फ रमा' लिहिलं.

नर्सने वाकून पाहिलं. "दोन-दोन नावं कशाला? आधार कार्डावर आहे तेच लिहा ना, एक."

"असू द्या," मी म्हटलं. "कुणाला शोधायला लागलं तर."